गाडी फक्त गर्दीत तापते आणि कूलंट कमी होतं: रेडिएटर बदलण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक. मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने कितीही पळवली तरी तापमानाचा काटा मधोमध. पण गर्दीत रांगत चालली की दहा-पंधरा मिनिटांत काटा वर सरकायला लागतो, एसी चालू असेल तर आणखी लवकर. शिवाय महिन्याला साधारण अर्धा लिटर कूलंट घालावं लागतं आणि गाडीखाली थेंबही दिसत नाही. थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलून झाला, फरक काही पडला नाही. आता गॅरेजमध्ये म्हणतायत की रेडिएटर नवा टाकू, आणि त्यानेही भागलं नाही तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून बघू. तर रेडिएटर बदलावा का?

आत्ता नको. कदाचित कधीच बदलावा लागणार नाही. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात संशयाचं बोट रेडिएटरपेक्षा फॅनकडे जास्त जातं. हेड तर अजून खूप लांब आहे.

तुम्ही प्रश्न एकच विचारलाय, पण तक्रारी दोन आहेत. गाडी कमी वेगात तापते ही एक, आणि कूलंट कुठेतरी जातंय ही दुसरी. दोन्हींचं मूळ एकच असू शकतं किंवा दोन वेगळे बिघाडही असू शकतात. नुसतं ‘गाडी तापते’ एवढं ऐकून पार्ट बदलायला घेतले की हा फरकच हातातून निसटतो. गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी मी मालकाला चार गोष्टी विचारतो. उभी असताना तापते की पळताना? चढाला काय होतं? एसी बंद केल्यावर काटा उतरतो का? आणि काटा वर गेलेला असताना हीटर लावला तर गरम हवा येते का? या उत्तरांवर निम्मं निदान होऊन जातं.

याचं कारण सोपं आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता कूलंटमध्ये उतरते आणि ती रेडिएटरमधून बाहेर फेकावी लागते. त्यासाठी दोन प्रवाह नीट चालावे लागतात: रेडिएटरच्या नळ्यांमधून कूलंटचा, आणि त्याच्या फिन्समधून, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांमधून, हवेचा. गाडी वेगात असली की हवा आपोआप आदळते, फॅनची गरजच पडत नाही. गाडी थांबली की हवा खेचणारा फॅन एकटाच उरतो. ताशी ८० ला इंजिन सिग्नलवर उभं असताना तयार करतं त्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता तयार करत असतं. तेवढी उष्णता तुमची गाडी आरामात बाहेर टाकतेय, म्हणजे पंप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरच्या नळ्या आपापलं काम बऱ्यापैकी करतायत. कमी पडतेय ती हवा.

याच्या उलट, गाडी शहरात ठीक आणि हायवेवर किंवा चढाला तापत असेल तर मी कूलंटच्या प्रवाहाकडे बघतो. नळ्या आतून क्षारांनी भरलेल्या असतात, थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असतो, पंपाची पाती झिजलेली किंवा शाफ्टवर सैल होऊन घसरत असतात, किंवा खालचा होस पाइप आतून मऊ पडून पंपाच्या ओढीने चपटा होत असतो. तिसरा प्रकार म्हणजे ज्याला काही नियमच नाही: आज तापते, उद्या नाही, काटा एकदम उडी मारतो, हीटरची हवा मधेच गार पडते. तिथे पातळी कमी असते, आत हवा अडकलेली असते, नाहीतर हेड गॅस्केटचा (हेड आणि इंजिन ब्लॉकमधल्या सीलचा) संशय घ्यावा लागतो.

ही विभागणी शंभर टक्के पक्की नाही, हेही सांगायला हवं. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, पंप हळू फिरतो, त्यामुळे झिजलेल्या पात्यांचा पंपसुद्धा आधी गर्दीतच उघडा पडू शकतो. ते ओळखायची एक युक्ती आहे. गाडी उभी ठेवून, तापमान चढत असताना आरपीएम २००० च्या आसपास धरून ठेवा. त्याने तापमान उतरू लागलं तर पंपावर संशय घ्या, कारण इलेक्ट्रिक फॅनचा वेग आरपीएमने बदलत नाही, पंपाचा बदलतो. तापमान तसंच चढत राहिलं तर हवेकडे बघा. ज्या गाड्यांमध्ये फॅन इंजिनावरच्या पट्ट्यावर चालतो किंवा पंपच विजेवर चालतो, त्यांना ही युक्ती लागू नाही.

आता त्या काट्याबद्दल. काटा मधोमध आहे याला मी माप मानत नाही. बहुतेक आधुनिक गाड्यांत तो मुद्दाम झोपवून ठेवलेला असतो: साधारण ७५-८० अंशांपासून १०५ च्या आसपासपर्यंत तो जागचा हलत नाही, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. पण तुमचा काटा हलायला लागतो तेव्हा प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं. एक साधा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा छोटा स्कॅनर) घ्या, मोबाइलला जोडा आणि कूलंट तापमानाचा आकडा बघा. धडधाकट गाडीत तो चालताना साधारण ८५ ते ९५ च्या दरम्यान असतो. उभी राहिली की १०० च्या जवळ जातो, फॅन लागतो, आकडा पाच-सात अंश खाली येतो, फॅन बंद होतो आणि हेच चक्र चालू राहतं. काही नवी इंजिनं इंधन वाचवण्यासाठी मुद्दामच १०५ च्या आसपास चालवली जातात, म्हणून अंतिम शब्द तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. काट्याचं आणखी एक दगाबाज वागणं लक्षात ठेवा. कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडला, तर त्याला द्रवाऐवजी हवा किंवा वाफ लागते आणि आकडा खाली येऊ शकतो. वर चढलेला काटा एकदम पडला आणि त्याच वेळी हीटर गार हवा फेकू लागला, तर ‘सुटलो’ म्हणू नका, गाडी ताबडतोब बाजूला घ्या.

फॅनकडे येऊ. इथे थोडा जास्त वेळ घालवतो, कारण ‘फॅन चालतो, बघितला’ या वाक्यावर बऱ्याच गाड्यांचं निदान चुकलेलं असतं. पहिली चाचणी अगदी सोपी आहे. इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर लागला की फॅन लगेच किंवा थोड्याच वेळात फिरायला हवा. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसलेला असतो आणि एसीची सगळी उष्णता तिथे सोडतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. एसी लावल्यावर गाडी लवकर तापते, या तुमच्या निरीक्षणाचा अर्थ हा आहे. दुसरी चाचणी: एसी बंद ठेवून गाडी उभी आयडल करा आणि स्कॅनरवर कोणत्या आकड्याला फॅन लागतो ते लिहून ठेवा. आकडा १०५ च्या पुढे गेला आणि फॅन गप्पच असेल तर इंजिन बंद करा, पुढचा प्रयोग नको.

फॅन लागलाच नाही तर फ्यूज बघा, रिले त्याच फ्यूजबॉक्समधल्या तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघा, आणि मग मोटरला बॅटरीवरून थेट सप्लाय द्या. थेट सप्लायवर फिरला तर दोष कंट्रोलच्या बाजूला: रिले, वायरिंग, सेन्सर किंवा ईसीयू (इंजिनाचा संगणक). नाही फिरला तर मोटर गेली. इथपर्यंत सगळेच पोचतात.

चकवतो तो अर्धमेला फॅन. मोटरमधले कार्बन ब्रश झिजलेले असतात किंवा बुश कोरडी पडलेली असते. फॅन फिरतो, आवाजही येतो, पण हवा ओढत नाही. कागदाचा एक ताव समोरच्या जाळीवर धरून सोडा. फॅन पूर्ण वेगात असताना तो जाळीला चिकटून राहायला हवा. गळून पडला तर फॅन हळू आहे, उलटा फिरतोय (नवी मोटर बसवताना वायरी उलट लागल्या की हे होतं), किंवा भोवतीचं प्लास्टिकचं आच्छादन तुटलंय. त्यानंतर फॅन चालू असताना मल्टिमीटरने मोटरच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.८ आणि प्लगवर साडेदहा-अकरा मिळत असतील तर मधल्या वाटेत कुठेतरी व्होल्टेज पडतंय. प्लग काढून नीट बघा: दोनपैकी एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन थोडं वितळलेलं असतं, पिनेची पकड ढिली झालेली असते आणि आत हिरवट-पांढरी भुकटी जमलेली असते. पकड ढिली म्हणून पिन तापते, तापते म्हणून आणखी ढिली होते. अशा गाडीला नवी मोटर बसवली तरी जुन्या प्लगवर ती पुन्हा हळूच फिरते.

आणि आता तुमच्या गाडीत माझा सर्वांत मोठा संशय. अनेक गाड्यांत फॅनला दोन वेग असतात. कमी वेगासाठी करंट एका रेझिस्टरमधून जातो आणि तो रेझिस्टर जळतो, हे मी वारंवार पाहिलंय. कमी वेग गेला की फॅन पहिल्या टप्प्याला लागतच नाही. तापमान जास्त वेगाच्या टप्प्यापर्यंत पोचलं की मग तो धाडकन सुरू होतो. मालक सांगतो ‘फॅन लागतो की, चांगला जोरात लागतो’, आणि ते खरंही असतं, फक्त तो फार उशिरा लागतो. काही गाड्यांत रेडिएटर आणि कंडेन्सरचे दोन स्वतंत्र फॅन असतात, तिथे एक बंद असला तरी दुसऱ्याच्या आवाजात ते लक्षात येत नाही. दोन्ही फॅन फिरतायत का ते स्वतः डोळ्यांनी बघा. हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. इलेक्ट्रिक फॅन चावी बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

फॅन निर्दोष ठरला तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट बघा. समोरून दिसतो तो कंडेन्सर, मागून दिसतो तो फॅन, आणि कचरा साचतो या दोघांच्या आड. पुढून टॉर्च मारली तर सगळं स्वच्छ दिसतं. रेडिएटरचे वरचे ब्रॅकेट सोडवून तो दोन-तीन बोटं मागे कलवला की धूळ, गवताच्या काड्या, किडे आणि तेलकट मळ यांची सलग साय दिसते, कधी इतकी घट्ट की ती बोटाने सोलून निघते. मऊ ब्रश आणि साध्या नळाचं पाणी वापरा, इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या दिशेने. प्रेशर वॉशरने फिन्स आडव्या होतात आणि मग हवेची वाट कायमची बंद होते.

दुसरी तक्रार: कूलंट जातं कुठे? माझी सुरुवात नेहमी रेडिएटरच्या कॅपपासून होते. एवढ्याशा झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठ्या स्प्रिंगचा व्हॉल्व्ह प्रेशर धरून ठेवतो, कॅपवर ०.९ किंवा १.१ असा बारमधला आकडा छापलेला असतो. कुकरमध्ये होतं तेच इथेही: एक बार जादा प्रेशरखाली साधं पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण १०७ च्या आसपास उकळायचं ते जवळजवळ १२८ पर्यंत टिकतं. स्प्रिंग दमली किंवा रबर कडक झालं की हे संरक्षण जातं. मग आकडा फारसा वाईट नसतानाही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासच्या सर्वांत गरम जागी कूलंट उकळतं, शेजारच्या जादा कूलंटच्या बाटलीत ढकललं जातं आणि बाटलीच्या ओव्हरफ्लोमधून बाहेर पडतं. हे चालत्या गाडीत, गरम भागांवर होत असल्याने ते तिथेच सुकतं. घरी येऊन गाडीखाली बघाल तर फरशी कोरडी. तुमचं ‘थेंब दिसत नाही’ याच्याशी हे अगदी जुळतं. बाटलीभोवती आणि तिच्या खालच्या पत्र्यावर वाळलेले पांढरट किंवा रंगीत ओघळ आहेत का, ते आजच बघा.

लहान व्हॉल्व्ह उलट दिशेचा असतो. इंजिन थंड होताना कूलंट आकसतं आणि बाटलीतलं परत आत ओढलं जातं. तो अडकला तर सकाळी वरचा होस पाइप चपटा झालेला सापडतो. कॅप उलटी करून रबरावर नख फिरवा: वर्तुळाकार खोल खाच पडलीय, बारीक चिरा आहेत किंवा लहान व्हॉल्व्हखाली क्षार बसलेत, तर चर्चा न करता तेवढ्याच रेटिंगची नवी कॅप टाका. जास्त रेटिंगची नको; त्याने कूलिंग सुधारत नाही, फक्त प्लास्टिकच्या टाक्या, पाइप आणि हीटर कोअरवर ताण वाढतो. रेडिएटरवर कॅपच नसून बाटलीलाच आट्यांचं झाकण असेल, तर तुमच्याकडे ती बाटलीच प्रेशरखाली असते आणि वरचं सगळं त्या झाकणाला लागू. कोणतीही असो, गरम असताना उघडायची नाही. वरचा पाइप हाताला पूर्ण गार आणि मऊ लागला पाहिजे.

आता दोन्ही तक्रारी एकत्र ठेवून बघा. फॅन उशिरा लागतो, गर्दीत तापमान ११० च्या दिशेने जातं, प्रेशर वाढतं, दमलेली कॅप ते धरू शकत नाही, कूलंट बाहेर जातं, पातळी उतरते, आणि पुढच्या गर्दीत गाडी आणखी लवकर तापते. तुमच्या गाडीबाबत माझा अंदाज हा आहे. पण तो अंदाजच आहे, आणि प्रेशर टेस्टशिवाय मी त्यावर शिक्का मारणार नाही.

प्रेशर टेस्ट म्हणजे कॅपच्या जागी हातपंप लावून, थंड इंजिनात कॅपच्या रेटिंगइतकं प्रेशर भरायचं आणि वीसएक मिनिटं गेज बघत बसायचं. काटा टिकला तर बाहेर गळती बहुधा नाही. उतरला तर शोध सुरू. रेडिएटरची प्लास्टिक टाकी आणि ॲल्युमिनियम कोअर जिथे दुमडून जोडलेत ती कड, होसचे क्लॅम्प, थर्मोस्टॅटचं हाउसिंग (तुमचं नुकतंच उघडलंय, म्हणून तिथे आधी) आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाचं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. त्याखाली वाळलेला ओघळ दिसला तर पंप बदलायचा. तो टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी. काही गळत्या फक्त थंड इंजिनात दिसतात, क्लॅम्पखालचं रबर आकसल्यावर; म्हणून शंका असेल तर गेज रात्रभर लावून ठेवतो.

हीटर कोअर विसरू नका. तो डॅशबोर्डच्या आत असतो, त्यामुळे गळालं तरी गाडीखाली काही दिसत नाही. आत गोडसर वास, काचेवर आतून पुसता न जाणारा चिकट धूसरपणा, पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं. ओल एसीच्या पाण्याचीही असू शकते. ते पाणी साधं असतं, कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं. चाखून बघायचा मोह नको, एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि गोड असल्याने कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं लगेच धुऊन टाका.

प्रेशर उतरतंय आणि बाहेर कुठेच ओल नाही, अशा वेळी हेड गॅस्केटचा विचार करायचा. त्याआधी नाही. यातली सर्वांत स्वस्त चाचणी तुमच्या हातात आहे: सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि वरचा होस दाबून बघा. मिनिटभरात तो टणक झाला तर कूलंट तापून फुगायला वेळच मिळालेला नाही. ते प्रेशर सिलिंडरमधून येतंय. गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्टर असतो. रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. तिच्यात ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल इंजिनात द्रव पिवळा पडतो. द्रवात कूलंट ओढलं गेलं तर चाचणी बाद, म्हणून आधी पातळी थोडी खाली घ्यावी लागते. स्पार्क प्लग काढून शेजारी-शेजारी ठेवा: एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरवर लक्ष ठेवा.

लोक ज्या खुणांना घाबरतात त्या मात्र अनेकदा फसव्या निघतात. गार सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येणं स्वाभाविक आहे, ती काही मिनिटांत थांबते. ऑइल कॅपखालचा पिवळट फेस छोट्या-छोट्या फेऱ्यांमध्ये नुसत्या बाष्पानेही तयार होतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी. उलट बाजूने, ऑइल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट निर्दोष ठरलं असंही नाही, कारण ते फक्त सिलिंडर आणि कूलंटच्या मार्गामध्येच फाटलेलं असू शकतं. ब्लॉक टेस्ट एकदा नकारात्मक आली आणि तरीही कूलंट जातच राहिलं, तर गाडी चांगली तापवून, लोडवर चालवून पुन्हा करायची. डिझेल गाडी असती तर मी गॅस्केटच्या आधी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग) तपासायला सांगितला असता.

थर्मोस्टॅट तुम्ही बदललाय, पण ‘तो काढूनच टाका’ असा सल्ला अजून कुणी दिला नसेल तर लवकरच देईल. ऐकू नका. इंजिन गार राहतं, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते, नव्या गाड्यांत पी०१२८ (कूलंट पुरेसं तापत नाही) हा बिघाडाचा कोड येतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा मार्ग बंद करत असतो. तो काढला की कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो, आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. जुना तपासायचा असेल तर पाण्यात दोऱ्याने टांगा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर ठेवून तापवा: त्यावर कोरलेल्या आकड्याला, बहुधा ८२ ते ८८, उघडायला सुरुवात व्हायला हवी.

थर्मोस्टॅट बदलल्यावर हवा काढली होती का, हे मात्र विचारा. सिस्टिम उघडली की आत हवा शिरते आणि हेडमध्ये किंवा हीटरमध्ये अडून बसते. ब्लीड स्क्रू असेल तर तिथून, नसेल तर गाडीचं नाक उंच ठेवून, रेडिएटरच्या तोंडाला फनेल लावून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवून ती काढतात. थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरतात. दुसऱ्या दिवशी ती थोडी उतरलेली असते, ते स्वाभाविक आहे.

महिन्याला अर्धा लिटर तुम्ही नक्की काय घालताय? साधं पाणी असेल तर वर्षात सहा लिटर झालं, आणि लहान गाडीच्या सिस्टिमची एकूण क्षमताच चार ते सहा लिटर असते. म्हणजे आतलं मूळ कूलंट आता बरंचसं निघून गेलेलं असणार. गंज रोखणारी रसायनं पातळ झाली, क्षार वाढले, उकळण्याचा बिंदूही खाली आला. दुरुस्ती झाली की फ्लश करून, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं कूलंट डिमिनरलाइज्ड पाण्यात निम्मं-निम्मं भरा. रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतो. मॅन्युअलमधला स्पेसिफिकेशन नंबर बघा. ‘जास्त घट्ट, जास्त चांगलं’ हेही खरं नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरलेली गाडी उलट तापते. गळती बुजवणाऱ्या पावडरी आणि बाटल्यांपासून लांब राहा, त्या गळतीइतक्याच इमानाने हीटर कोअरही बुजवतात.

रेडिएटर कधी बदलायचा? इन्फ्रारेड थर्मामीटरने गरम रेडिएटरवर ओळीने मापं घेताना मधेच गार पट्टे सापडले, म्हणजे तिथल्या नळ्या बंद. कडेची घडी पाझरतेय, किंवा फिन्स हात लावताच भुकटी होऊन गळतायत. यापैकी काहीतरी दाखवा, मग बदला, असं गॅरेजला सरळ सांगा. कामाचा क्रम मी असा ठेवेन: स्कॅनरचा आकडा आणि फॅन किती अंशांना लागतो ते, फॅनचा कमी वेग आणि प्लगचं व्होल्टेज, मधली फट, कॅप, मग प्रेशर टेस्ट. ब्लॉक टेस्ट त्यानंतर, तीही प्रेशर उतरलं तरच. आणि उद्या खरंच हेड उतरवावं लागलं तर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) त्याचा सपाटपणा समोर मोजून घ्या. बहुतेक ॲल्युमिनियम हेडना मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वाक चालतो. हेडचे बोल्ट घट्ट करताना कायमचे ताणले जाणारे असतील तर नवेच लागतील.

हे सगळं होईपर्यंत गाडी चालवावी लागणार असेल तर गर्दीत एसी बंद ठेवा. आकडा १०५ च्या पुढे सरकू लागला की हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. उकडेल, पण हीटर कोअर हा छोटा रेडिएटरच आहे. तरीही चढत राहिला किंवा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद. बॉनेट उघडा, कॅपला हात लावू नका, इंजिनावर गार पाणी ओतू नका, निदान पाऊण तास थांबा. मग हळूहळू भरा आणि किती मावलं ते मिलिलिटरमध्ये लिहून ठेवा. तारखेसकट तसे तीन-चार आकडे असले की गळती वाढतेय की स्थिर आहे ते कळतं, आणि तपासणाऱ्याचं काम निम्म्यावर येतं.